लक्ष्मीपूजनाला मनुबाई दार लावते

आष्ट्यातल्या त्या गल्लीत लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला सगळी दारं सताड उघडी असायची. असायलाच पाहिजेत. वर्षातनं एक दिवस लक्ष्मी दारोदार फिरते आणि ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्या घरात शिरते, हे काय कुणी कुणाला शिकवावं लागतं? उंबऱ्यावर पणत्या, दारात रांगोळी, आणि दाराची दोन्ही फळकुटं भिंतीला टेकलेली. एक घर तेवढं सोडून. लालासाहेब फौजीच्या घराचं दार त्या दिवशी दिवस मावळायच्या आत बंद व्हायचं, कडी लागायची, वर अडसर पडायचा. हे काम लालासाहेबांची बायको मनुबाई स्वतःच्या हातानं करायची आणि त्यात बापाचंसुद्धा ऐकायची नाही.

बाया बोलायच्या राहतायत होय! "लक्ष्मीच्या तोंडावर दार लावती ही बया, भिकंला लागंल एक दिवस," असं पाठीमागं तर रोजचंच. शेजारची अंजना एकदा तोंडावर म्हणाली. मनुबाई वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लक्ष्मीला कडी अडवती व्हय गं? देव हाय ती. कडी कुत्र्याला अडवती, म्हनून लावते." अंजनानं नाक मुरडलं आणि निघून गेली. पण पुढच्याच दिवाळीला हीच अंजना राघूचा पिंजरा कवटाळून त्याच बंद दाराशी उभी. पलीकडच्या भाऊसोनं तेलाच्या रिकाम्या डब्याखाली सुतळी बॉम्ब उडवला होता आणि राघू पिंजऱ्याच्या तारांवर डोकं आपटून घेत होता. मनुबाई तिला एका शब्दानं टोचून बोलली नाही. पिंजरा घेतला, त्यावर जुनं लुगडं दुहेरी करून टाकलं आणि मधल्या खोलीत धान्याच्या कणगीआड ठेवून दिला.

तिथनं पायंडा पडला. दिवाळी आली, वरात आली, नाहीतर निवडणुकीचा गुलाल उधळला, की गल्लीतली मुकी जनावरं मनुबाईकडं. कुणाची शेळी, कुणाचं मांजर, कुणाचं दारातलं कुत्रं. तिचं सगळं आधी ठरलेलं असायचं. उन्हं कलायच्या आत जनावराला लांब फिरवून आणायचं, त्याचं सगळं उरकून घ्यायचं, पोटभर खाऊ घालायचं. मधल्या खोलीच्या खिडकीत पोती कोंबायची. गळ्यातला दोर, साखळी काढून टाकायची, कारण भ्यालेलं जनावर हिसडा मारतं आणि गळ्याला फास बसतो. मग रेडिओ लावायचा, भजन लागू दे नाहीतर शेतीचा कार्यक्रम, पण बंद करायचा नाही. आणि आपण त्याच्याजवळ खाली बसून आपलं काहीतरी काम करत राहायचं. "त्याला चुचकारत बसू नगंस," ती अंजनाला सांगायची. "तू घाबरी झालीस की त्याला वाटतं, खरंच कायतरी आलंय. तू तांदूळ निवडत बस. तुजा हात चाललेला दिसला की त्येचं काळीज खाली बसतं."

हे सगळं ती शिकली कुठं, असं लोक विचारायचे. मनुबाई सांगायची नाही. तिच्या स्वतःच्या हाताचं काय व्हायचं तेही कुणाला दिसायचं नाही. पहिला बार उडाला की तिच्या वळलेल्या वाती पुन्हा सुटायच्या.

झालं होतं असं. मनुबाई लग्न होऊन आष्ट्यात आली, त्यानंतर कधीतरी माहेरच्या बैलगाडीमागनं एक कुत्रंही चालत आलं. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं. हौशा. माहेरी तिनंच त्याला ताकभात घालून वाढवलं होतं. सासूनं आधी हाकललं, मग कंटाळून ठेवून घेतलं. लालासाहेब तेव्हा फौजेत, वर्षातनं एकदा रजेवर. सासू तोंडाची जहाल. तान्हा वीरधवल मांडीवर. अशा घरात मनुबाईला मनातलं बोलायला हौशाशिवाय कोण होतं? गोठ्यात शेण काढताना ती त्याच्याशी बोलायची आणि ते मोडका कान हलवत ऐकायचं. लोक हसायचे. हसू देत.

एका लक्ष्मीपूजनाला फटाके लवकर सुरू झाले. तिनं हौशाला सोप्यातल्या खांबाला दाव्यानं बांधलं होतं, तेव्हा तिलाही कुठं अक्कल होती. दार रिवाजाप्रमाणं सताड उघडं. ती आत पूजेचं ताट लावत होती. दारात कुणीतरी माळ लावली आणि हौशानं असा हिसडा मारला की दाव्यातनं मान सोडवून घेतली. ती बाहेर धावली तोवर धुरात काही दिसेना. हाका मारायला तोंड उघडलं, तर आतनं सासू ओरडली, "सणाच्या दिवशी दारात काय बोंबलतीयास? आत ये, पूजा खोळंबलीया." ती आत गेली. पूजा झाली, आरती झाली. मग सासूनं आपल्या हातानं दार लावलं, कडी घातली आणि म्हणाली, "लक्ष्मी घरात आल्याय. आता उजाडंपतोर हे दार उघडायचं न्हाई. काय बी झालं तरी." त्या घरची तशी रीतच होती. आलेली लक्ष्मी उघड्या दारानं निघून जाते म्हणे.

जेवणं चालली होती, तेव्हा दारावर नखं वाजली. खर्र, खर्र. थांबलं. पुन्हा खर्र, खर्र, खर्र. बाहेर बार उडाला की ती खरखर जोरात व्हायची, अगदी घाईला आल्यासारखी. सासूनं घास चावायचा थांबवला नाही. मनुबाई उठली, दारापाशी गेली, कडीला हात लावला. मागनं एकच शब्द आला, "मनू." नुसता तेवढाच. तिनं हात काढून घेतला. पण जागची हलली नाही. पदराचा बोळा तोंडात धरून ती दाराला लागून उभी राहिली आणि पलीकडं नखं वाजत राहिली. कधीतरी ती खरखर थांबली. थांबल्यावर तिला जे वाटलं, ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही. तिला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

उजाडल्यावर दार उघडलं तर दारात कोणी नव्हतं. रांगोळी विस्कटलेली, त्यात पंजे उमटलेले, आणि दाराच्या खालच्या फळीवर ओरखडे. मनुबाईनं सांगली रस्ता पालथा घातला, ओढा बघितला, मळ्यामळ्यातनं फिरली. कोणी सांगितलं ट्रकखाली गेला, कोणी सांगितलं बागणीच्या अंगाला दिसला. हौशा काही परत आला नाही.

आला नाही असं लोक म्हणतात. मनुबाईच्या हिशेबानं तो दर वर्षी येतो.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला जेवणाच्या वक्ताला पुन्हा खरखर झाली. सासूला ऐकू आली नाही, वीरधवलला नाही, फक्त हिला. ती ताडकन उठली आणि सासूच्या छाताडावर पाय देऊन गेल्यासारखी गेली, दार उघडलं. बाहेर धूर, पणत्या, कोणी नाही. त्या दिवशी सासूनं घर डोक्यावर घेतलं. पुढं सासू वारली, लालासाहेब पेन्शन घेऊन घरी आले, पण दर वर्षी तेच. दिवस मावळता दार लावायचं, आणि खरखर झाली की उघडायचं. दारात बघायचं. कोणी नाही. लावायचं. लालासाहेबांनी एका साली दाराला तेलाचा हिरवा रंग दिला, दोन हात मारले, ओरखडे पार बुजवून टाकले. काय उपयोग? दिवाळी आठवड्यावर आली की मनुबाईचे कान टवकारायचे, ताटावर बसल्या बसल्या घास हातात राहायचा. शेवटी लालासाहेबांनी नाद सोडला. "तिला उघडू दे दार," ते वीरधवलला म्हणायचे. "उघडलं की शांत हुती."

आता वीरधवलही फौजेत लागला आणि त्याचं लग्न झालं. सून मलकापूरची, रेश्मा. कॉलेजात जाऊन आलेली पोरगी, बोलायला चटचटीत. लग्नात रुखवत आलं आणि त्याच्या मागनं टेम्पोत बसून एक पांढरं, केसाळ, टोपलीएवढं कुत्रंही आलं. जिमी. रेश्माची आई गेली त्या साली वडिलांनी पोरीचं मन रमावं म्हणून आणलेलं. रेश्मानं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. लालासाहेब म्हणाले, "ह्ये कुत्रं हाय का गादीतला कापूस?" माहेरचं कुत्रं घेऊन सासरी आलेल्या त्या पोरीकडं मनुबाई नुसती बघत राहिली. त्या दिवसापासनं जिमीला ताकभात.

त्या साली रेश्माचा दिवाळसण. वीरधवल रजेवर आला होता, जोडीनं मलकापूरला जायचं. जिमीला तिकडं नेण्याची सोय नव्हती, भावजयीला घरात कुत्र्याचा केस चालत नव्हता. निघताना रेश्मा पिशवी खांद्याला लावून उभी राहिली आणि रडायच्या बेताला आली.

"आत्या, तुमाला सगळं ठावं हाय, मी काय सांगनार? पर जिमी फटाक्याला लय भितो. मागल्या साली पळाला तो दोन दिवसांनी गावला, हायवेच्या कडंला. आता पळाला तर न्हाई गावायचा." मग जरा अडखळून ती म्हणाली, "ह्यांनी मला सांगितलंय त्या दाराचं. राग मानू नका. पर तेवढं दार उघडू नका. काय बी झालं तरी."

काय बी झालं तरी. तोच शब्द, तेच दार, आणि आता सासू ती स्वतः. मनुबाईनं रेश्माच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "न्हाई उघडत. तुज्या जिम्याला कायसुदिक हुनार न्हाई. जा तू निवांत."

म्हणाली खरी. पण त्या साली दिवाळीच्या तोंडावर कारखान्याच्या निवडणुकीत भाऊसोचं पॅनेल निवडून आलेलं. भाऊसो आधीच फटाक्यांचा खुळा, त्यात सत्ता आली! दारात फटाक्यांची खोकी रचलेली. मनुबाई स्वतः जाऊन सांगून आली, "भाऊसो, जरा पल्याडल्या चौकात उडवा की. घरात भ्यालेलं जनावर हाय." तो हसून म्हणाला, "मनुकाकू, पाच वर्सांनी येतुया हा दिस. कुत्र्याच्या कानात बोळं घाला." त्याला काय बोलायचं? तिनं बाकीच्यांना या वर्षी जनावरं आणू नका म्हणून निरोप दिला, कारण जिमी दुसऱ्या कुत्र्याला अंगाजवळ येऊ देत नव्हता.

लक्ष्मीपूजनाला सगळं रीतसर झालं. जिमीला फिरवलं, खाऊ घातलं, खिडकीत पोती कोंबली. पूजा उरकली. लालासाहेबांना पेठेतल्या दुकानदारांनी पूजेच्या पानसुपारीला बोलावलं होतं, ते मागच्या परड्यातनं गेले. घरात मनुबाई आणि जिमी, दोघंच. रेडिओवर कुणीतरी सनई लावली होती.

मग भाऊसोची माळ लागली. माळ कसली, साऱ्या गल्लीभर अंथरलेली. भिंतीवरच्या ताटल्या वाजायला लागल्या. जिमी आधी थरथरला, मग कणगीमागं घुसला, मग तिथनं निघाला आणि मनुबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून लाळ गाळायला लागला. तिनं वाती वळायला घेतल्या. हात चालू ठेवला. "काय न्हाई रं," असं ती म्हणाली नाही, कारण तसं म्हणायचं नसतं हे तिला ठाऊक होतं.

आणि त्या सगळ्या धडाडधूममध्ये दारावर नखं वाजली.

खर्र, खर्र.

मनुबाईचे हात थांबले. ती मनाशी म्हणाली, दर सालचंच हाय. उठायचं न्हाई. शब्द दिलाय. एवढ्यात जिमीनं लुगड्यातनं तोंड बाहेर काढलं. कान उभे केले. पुन्हा खरखर झाली आणि जिमी उठला, थरथरत सोप्यात गेला, दाराखालच्या फटीला नाक लावलं आणि बारीक कुंई केलं.

इतकी वर्षं मनुबाईला सगळी म्हणत आली, तुझ्या मनाचे खेळ आहेत. नवरा म्हणाला, पोरगा म्हणाला, तिची तीही म्हणायला लागली होती. आणि आज दुसऱ्या जिवानं ऐकलं. म्हणजे आहे. म्हणजे दाराच्या पलीकडं खरंच आहे.

ती दारापाशी कशी पोचली ते तिला कळलं नाही. हात अडसरावर होता. अडसर निम्मा सरकला होता. बाहेर नखं वाजत होती, खालच्या फळीवर, नेमकी तिथंच. उघडायचं तर एका बोटाचं काम होतं. आणि फटीला नाक लावून जिमी तयार होता, फट रुंदावली की तो त्या धुरात जाणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जिमीला उचलून खोलीत कोंडावं, तर तेवढ्यात तो चावला आणि हातातनं निसटला, पुन्हा फटीपाशी. मागच्या दारानं वळसा घालून जावं, तर याला एकट्याला टाकून? मनुबाई मोठ्यानं रडायला लागली. लहान पोरीसारखी, कुणी बघतंय का याची फिकीर न करता.

मग तिनं अडसर पुन्हा बसवला. जिमीच्या शेजारी दाराला पाठ लावून खाली बसली, त्याला ओढून मांडीवर घेतलं, पदराखाली धरलं. नखं तिच्या पाठीशी वाजत होती, फळीतनं तिला ती कण्याला लागत होती. आणि ती बोलायला लागली.

"हौशा, हाय रं मी. हितंच हाय. न्हाई रं उघडता येत. दुसऱ्याचं लेकरू हाय मांडीवर, त्येला शब्द दिलाय. तू जाऊ नगंस. हितंच बस, दाराला लागून बस. मी काय जात न्हाई उठून. ऐकतोयास न्हवं? त्या दिशी म्हस शिंगाडली हुती मला, तवा तूच मधी पडलास. मला काय इसर पडलाय व्हय..."

असं काय काय ती बोलत राहिली. सासूचं सांगितलं, वीरधवलच्या लग्नाचं सांगितलं, गुडघे दुखतात ते सांगितलं. भाऊसोची माळ संपली, बॉम्ब सुरू झाले, ते संपले, परत सुरू झाले. तिचा आवाज बसला तरी ती थांबली नाही. मांडीवरचा जिमी कधी लटलटायचा थांबला ते तिला कळलं नाही. पाठीमागची खरखर हळूहळू कमी झाली. मग नुसतं काहीतरी दाराला टेकल्याचं वजन आलं, आणि मग काहीच नाही. या खेपेला तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. ती तशीच बोलत बोलत दाराशी पेंगली.

लालासाहेब परड्यातनं परत आले तर बायको दाराशी झोपलेली आणि कुत्रं मांडीवर. त्यांनी उठवलं नाही, अंगावर वाकळ टाकली. पहाटे गाव जागं झालं तेव्हा तेच म्हणाले, "ऊठ मनू, पाडवा हाय आज. दार उघडायला पायजे." तिनं जिमीला मधल्या खोलीत ठेवलं, बाहेरनं कडी लावली आणि मग अडसर काढला.

उंबऱ्याला लागून एक काळी कुत्री पडली होती. मळ्याकडच्या वस्तीवरची असावी, गल्लीत कधी दिसलेली नव्हती. मागच्या पायाचे केस जळलेले, कातडं सोललेलं. मेली नव्हती. दाराला घट्ट अंग लावून झोपली होती. दार उघडलं तशी तिनं मान वर केली, मनुबाईकडं बघितलं आणि पळाली नाही.

"बघ, ही हुती तुजी खरखर," लालासाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, आता तरी हिच्या मनातलं भूत उतरेल. "मोकळी झालीस. हसतीयास का रडतीयास?"

मनुबाई उंबऱ्यावर मटकन बसली होती. "आवं, म्या दार उघडलं न्हाई," ती म्हणाली. "म्या नुसती बोलत हुते. तेवढ्यानं ही जागची हलली न्हाई बगा. एवढी दारू उडाली, पाय भाजला, तरी गेली न्हाई."

"मग? बरंच झालं की."

"त्या राती म्या दाराआडनं नुसती बोलले असते, तर हौशा बसला असता का न्हाई?" तिनं नवऱ्याकडं बघितलं. "सासूबाईंनी दार उघडायला न्हाई म्हटलं हुतं. बोलायला कुटं न्हाई म्हटलं हुतं त्यांनी?"

लालासाहेबांनी वाकून दाराचं दुसरं फळकूट उघडलं. काळी कुत्री लंगडत उंबरा ओलांडून आत आली आणि मनुबाईच्या पायाशी अंग टाकून बसली. मनुबाईला तिच्याकडं बघवेना.